सहा तासांत विझणारं पान

विद्यार्थिनी: मॅडम, पुन्हा तेच. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पान हिरवं चमकत होतं, सहा तासांत सगळं विझलं.

मॅडम: म्हणजे तूही पानात विषाणूच्या प्रथिनाचं जनुक टोचताना घोळ घातलास.

विद्यार्थिनी: तिन्ही वेळा? म्हणून या दुसऱ्या पानाला मी एक औषध दिलं. पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा बंद पाडणारं. बघा तरी.

मॅडम: (सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून) अगंबाई! हे अजून चमकतंय.

विद्यार्थिनी: याच प्रथिनाच्या जोरावर विषाणू एका पेशीतून शेजारच्या पेशीत घुसतो. आपण त्याला चमकणारी शेपटी जोडली. पेशी त्याच्यावर खूण करते आणि त्याचे तुकडे पाडते. प्रथिन गेलं, की चमकही गेली.

मॅडम: आणि आपण वर्षभर पानं कचऱ्यात टाकत बसलो.

विद्यार्थिनी: तुम्हाला आनंद नाही झाला?

मॅडम: तुझ्याआधी इथे लंबू होता. ‘चमक जाते’ म्हणून कानीकपाळी ओरडायचा. मी त्याला सगळ्यांदेखत कामचुकार म्हटलं. त्यानं कामच सोडलं.

विद्यार्थिनी: त्याच्या वहीत लिहिलंय, ‘पेशीच मोडून टाकत असेल का?’ तिथूनच मला औषध सुचलं.

मॅडम: हे आत्ता सांगतेस?

विद्यार्थिनी: आधी सांगितलं असतं, तर करू दिलं असतंत?

मॅडम: नसतं दिलं. नंबर आहे त्याचा?

विद्यार्थिनी: आहे. हल्ली रोपवाटिकेत असतो. घ्या, लागलाय. स्पीकरवर आहे.

लंबू: हॅलो, कलमं हवीत का?

मॅडम: मी बोलतेय. तुझी मॅडम.

लंबू: ...बोला.

मॅडम: तुझं बरोबर होतं. पेशीच प्रथिन मोडते. औषध दिलं, तर चमक राहते.

लंबू: दोन्ही पानं एकाच रोपाची होती ना? एकाच वयाची?

विद्यार्थिनी: हो रे दादा, एकाच रोपाची. लागोपाठची.

लंबू: मग ठीक.

मॅडम: चुकले मी. शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं येईल. (विद्यार्थिनी मान डोलावते) हिलाही ते मान्य आहे. परत ये. शिफारसपत्र लागलं तर आजच देते.

लंबू: ते बघू नंतर. मॅडम, एक काम कराल?

मॅडम: सांग.

लंबू: मी आळशीपणा केला म्हणून काढलं, असं बाबांना अजून वाटतं. इथेच कुंड्या भरतायत. त्यांना फोन देऊ?

मॅडम: दे.