शेवटच्या घराचं पाणी

आई: नाही बाई, मी बसत नाही. बसले की उठवत नाही मला हल्ली. काय ते उभ्या-उभ्याच सांगा.

बाई: बरं. मग मीही उभीच राहते. या खुर्च्या तशा मुलांच्या मापाच्या. बसलं की गुडघे हनुवटीला लागतात.

आई: फोनवर तुम्ही म्हणालात, घराबद्दल विचारायचंय. मला कळेचना, कुठलं घर. आमचं तर भाड्याचं आहे.

बाई: चुकलंच माझं. नीट सांगायला हवं होतं. सातवीच्या मुलांनी वर्गात पुठ्ठ्याचं गाव केलंय ना, त्यातल्या घराबद्दल म्हणत होते मी. ते बघा, खिडकीखाली. शेवटच्या गल्लीतलं, निळ्या दाराचं.

आई: दिसलं. आत आल्या-आल्या दिसलं. म्हणून तर तिकडे पाठ करून उभी आहे.

बाई: चिंगीनं घरी सांगितलं असेल ना गावाबद्दल?

आई: सांगितलं? जेवताना दुसरा विषय नव्हता. “आई, आमच्या वर्गात आता गणिताचा तास नाही, विज्ञानाचा नाही, कशाचाच नाही. आमचं एक गाव आहे.” मी म्हटलं, मग शिकता काय, पुठ्ठे कापायला? अशी फणकारली. दोन घास कमीच जेवली त्या दिवशी.

बाई: सगळे पालक आधी तेच म्हणाले. एक आजोबा तर मला विचारून गेले, “बाई, पगार मुख्याध्यापक देतात की सरपंच?” पण खरंच सगळं त्यातच आहे हो. ज्याचं त्याचं घर, ज्याचं त्याचं काम. घराचं क्षेत्रफळ काढलं की गणित झालं. दिव्याची तार जोडली की विज्ञान. घरात कोण राहतं ते लिहिलं की भाषा. भांडणं मिटवायला कायदे केले की नागरिकशास्त्र.

आई: आणि आमची पाणीवाली.

बाई: तिनं मागून घेतलं ते काम. कुणाला नको होतं, सारखं सांडतं म्हणून.

आई: नळ्या मीच दिल्या. आमच्या वॉर्डातल्या, सलाईनच्या, मुदत संपलेल्या. टाकूनच द्यायच्या होत्या. नळीवरचं चाक कसं फिरवायचं, थेंब कसे मोजायचे, सगळं मीच शिकवलं तिला, ओट्याखाली बादली ठेवून. शेवटी ताप चढला होता ना, तेव्हा आमच्याच वॉर्डात होती. स्वतःच्या सलाईनकडे बघून मला म्हणते, “आई, हे जोरात चाललंय. शेवटच्या घराला पुरणार नाही.”

बाई: हे मला नव्हतं माहीत.

आई: तुम्ही बोला. घराचं काय?

बाई: कसं सांगू तेच कळत नाहीये. वर्गात एक नवी मुलगी आलीय. वर्ष अर्धं उलटल्यावर. तिच्या वडिलांची बदली झाली. गावात तिला घर नाही. नवं बांधावं तर त्या शेवटच्या घरापुढे टेबलच संपतं. आणि या वर्गात घर नाही म्हणजे काहीच नाही, ताई. गणित करायचं तर कुणाच्या घराचं? गोष्ट लिहायची तर कुठल्या दाराची? पोर नुसती बसून असते. मोठे सर म्हणाले, “रिकामं घर आहे ना एक? देऊन टाका, विषय संपवा.”

आई: रिकामं.

बाई: त्यांचा शब्द आहे, माझा नाही. पण मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. म्हणाली, “देता येत नाही. गावाचा कायदा आहे.”

आई: कसला कायदा?

बाई: ज्याचं घर, त्याला विचारल्याशिवाय हलवायचं नाही आणि कुणाला द्यायचं नाही. तो नसेल तर त्याच्या माणसांना विचारायचं. टपालवाली आजारी होती, तेव्हा दुकानवाल्यानं तिचं घर सरकवून आपली पायरी वाढवली होती. त्यावरून गावसभा बसली. कायदा कुणी मांडला, ते तुम्हाला सांगायला नको.

आई: कंबरेवर हात ठेवून मांडला असेल.

बाई: दोन्ही हात. मुलं मला म्हणाली, “बाई, कायदे तुम्हीच करायला लावलेत. आता तिच्या आईला विचारा.” मोठ्या सरांना सांगितलं तर ते हसले. मला नाही हसता आलं. म्हणून बोलावलं तुम्हाला.

आई: आणि मी नाही म्हटलं तर?

बाई: तर नाही. घर तसंच राहील. नवीचं मी दुसरं काहीतरी बघेन. काय बघेन ते मलाही ठाऊक नाही, खोटं कशाला बोलू.

आई: मग नाही. आमच्याकडे एका खोलीत तिघं होतो आम्ही. तिचं असं कपाट नव्हतं, दार तर लांबच. मी ड्यूटीवर असताना नणंदेनं तिचे कपडे वाटून टाकले. चांगल्यासाठीच केलं म्हणे. चपलासुद्धा. माझ्या पोरीचं स्वतःचं म्हणून एवढंच एक दार उरलंय, ते मी कुणाला द्यायचं नाही. वाईट वाटून घेऊ नका.

बाई: नाही वाटत. मुलांना तसं सांगते.

आई: एवढ्यात मानलंत? मला वाटलं, समजूत घालाल.

बाई: समजूत घालायला तोंड हवं ना. आणि आणखी एक आहे. सांगावं की नको, तुम्ही यायच्या आधीपासून घोळतंय मनात.

आई: सांगा. माझ्यापासून काही लपवायचे दिवस गेले आता.

बाई: सकाळी आम्ही हजेरी घेत नाही. गावाला हाक मारतो. मी फळ्यावर तारीख लिहीत असते आणि पाठमोरी एकेक काम पुकारते. “दिवे?” मागून येतं, “चालू.” “टपाल?” “चालू.” “पाणी?” म्हटलं की चिंगी माझा शब्द पुरा व्हायच्या आत म्हणायची.

आई: घरीही तेच. अभ्यास? चालू. दूध? चालू. दूध ओट्यावर साय धरून बसलेलं असायचं.

बाई: ती गेल्यावर पहिल्यांदा वर्ग भरला, त्या दिवशी सवयीनं तोंडातून गेलं माझ्या. “पाणी?” आणि जीभ चावली. आणि मागून आलं, “चालू.”

आई: कुणी म्हटलं?

बाई: माहीत नाही. वळले तर सगळ्यांच्या माना खाली. दुसऱ्या दिवशी ठरवून गेले, ही हाक गाळायची. नाही गाळवली. पुन्हा आलं. रोज येतं.

आई: मुलंच असणार. पाळी लावून घेतली असेल.

बाई: मलाही तेच वाटतं. म्हणजे इथे वर्गात असते तोवर वाटतं. घरी गेले की नाही वाटत. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, न रागावता. जो तो म्हणतो, मी नाही. दिवेवाला तर रडायलाच लागला. त्याला वाटत होतं, मी म्हणते.

आई: आवाज कसा आहे?

बाई: ताई, जाऊ दे.

आई: कसा आहे?

बाई: घाईतला.

आई: पाणी आहे का जरा प्यायला?

बाई: हे घ्या. आणि आता बसा. गुडघे लागू देत हनुवटीला.

आई: दुसरं काही? अजून असेल तर आत्ताच सांगून टाका.

बाई: आहे. संध्याकाळी नळीचं चाक मी स्वतः बंद करून जाते. खोलीची किल्ली माझ्याकडे. सकाळी उघडते, तर निळ्या दारापुढच्या छोट्या हौदात पाणी असतं. झाडणाऱ्या मावशी शपथेवर सांगतात, हात लावला नाही. मी कुणाजवळ बोलले नाही. बोलले तर सर म्हणतील, चार दिवस रजा घ्या.

आई: चाक बघू दे मला.

(आई खिडकीखालच्या गावापाशी जाते. कपाटावरच्या टाकीपासून नळी बोटांनी चाचपत खाली येते, चाकावर अंगठा ठेवते.)

आई: घसरतंय हे. नळी एकाच जागी दाबून-दाबून चपटी झालीय. कितीही घट्ट करा, मागे येणारच. आमच्याकडेही होतं असं, म्हणून तर जुन्या टाकून देतो. तुम्ही गेल्यावर थेंब-थेंब पडत राहत असणार.

बाई: म्हणजे तेवढंच?

आई: तेवढंच. नळी आहे ती, दुसरं कोणी नाही.

बाई: केवढं ओझं उतरवलंत माझ्या डोक्यावरचं.

आई: माझ्या डोक्यावर आलं ते. उगाच हात लावला मी. न बघता गेले असते, तर घरी म्हणता आलं असतं, येते ती अधूनमधून, पाणी सोडून जाते. आता तेही राहिलं नाही.

बाई: ताई...

आई: असू दे. हे सांगा, नळी सगळं गाव फिरून हिच्या दारात येते. टाकीच्या खालीच जागा होती की. स्वतःचं घर असं टोकाला का नेलं?

बाई: मीही विचारलं होतं. म्हणाली, “बाई, शेवटच्या घरात पाणी आलं म्हणजे सगळ्यांकडे आलं. मग बाकीच्या घरांत डोकवायला नको.” मला वाटलं, कुठून आणते ही असलं.

आई: माझ्याकडून. वॉर्डात नव्या पोरींना मीच सांगते, राउंड शेवटच्या खाटेपासून सुरू करा. दाराजवळच्या पेशंटकडे जाता-येता कुणीही बघतं. घरी येऊन बडबडत असेन मी. ऐकत होती म्हणायची.

नवी: बाई, येऊ का? बाटली राहिलीय माझी.

बाई: ये. ताई, हीच ती. अगं, या चिंगीच्या आई.

आई: कुठे बसतेस तू?

नवी: इथे. खिडकीजवळ. टेबल इथे संपतं ना, म्हणून इथेच जागा होती.

आई: म्हणजे या घराच्या पलीकडे.

नवी: हो. पण मी हात नाही लावला, काकू. एकदापण नाही. मुलं म्हणाली होती, विचारल्याशिवाय लावायचा नाही.

आई: मग दिवसभर करतेस काय?

नवी: दुसऱ्यांची घरं मोजून देते. माझी पट्टी चांगली आहे, लांब. टपालवालीचं छप्पर मीच मोजलं. ते तिच्या वहीत गेलं.

आई: सकाळी बाई हाक मारतात, तेव्हा पाण्याला तू म्हणतेस का गं, चालू?

नवी: मी? मला कामच नाहीये. मी कशी म्हणणार?

आई: मग कोण म्हणतं?

नवी: ती म्हणते ना.

बाई: ती कोण?

नवी: पाणीवाली. आल्या-आल्या पहिल्या दिवशी मी वळून बघितलं, कुठे बसते ती. दिसली नाही. वाटलं, माझी मैत्रीण होईल का, कारण तिचंच घर माझ्याजवळ आहे. मग दिवेवाल्यानं सुट्टीत सांगितलं.

आई: भीती नाही वाटली?

नवी: आधी वाटली. आता नाही वाटत. ती काही करत नाही, काकू. नुसतं सांगून जाते. खूप घाई असते तिला.

बाई: ताई, हिला मी काहीएक सांगितलेलं नाही. विश्वास ठेवा.

आई: ठेवलाय. बाई, मगाशी आपण या घराला शेवटचं म्हटलं. ते शेवटचं नाहीच. त्याच्या पुढे ही बसलीय, आणि हिच्यापर्यंत पाणी पोचलेलं नाही. चिंगीनं पाहिलं असतं तर माझ्याशीच भांडली असती, कंबरेवर हात ठेवून.

बाई: तुम्ही घाई करू नका. घरी जा, विचार करा, मग सांगा.

आई: घरी गेले तर नाहीच म्हणेन. ये गं, पुढे ये. अंगठा इथे ठेव. दाबायचं नाही. दारावरची कडी हळू सरकवतो ना, तसं. ही जागा खराब झालीय, चाक जरा वर ने. अजून. हं. आता बंद कर.

नवी: केलं.

आई: थांब, बघू. पडतोय का थेंब?

नवी: नाही. थांबलं पाणी.

आई: थांबलं. आता तू उघडशील तेव्हाच येईल. पहिला थेंब पडू द्यायचा, मग मोजायला लागायचं. आणि आधी कुठलं घर बघायचं?

नवी: हे. निळ्या दाराचं.

आई: कुणी सांगितलं तुला?

नवी: कुणी नाही. मी रोज बघते ना. इथे आलं म्हणजे सगळीकडे आलेलं असतं.

(आई निळ्या दारावरून बोट फिरवते.)

नवी: काकू, मी हात लावला.

आई: मी सांगितलं म्हणून लावलास. कायद्यात बसतं. बसतं ना बाई?

बाई: बसतं, ताई.

आई: दाराचा रंग बदलायचा नाही.

नवी: नाही बदलणार.

आई: उद्या बाईंनी पाण्याला हाक मारली की तू म्हणायचं. मोठ्यानं.

नवी: आणि तिनंपण म्हटलं तर?

आई: मग दोघींनी म्हणायचं.