कुंडीचा पाव फेरा

...आणि आता तुम्हीच सांगा, झाडाची सेवा करणं हा काय गुन्हा आहे?

लेकीचं संशोधन काय, तर पानांतून ऊन खाली कसं झिरपतं ते कॉम्प्युटरवर दाखवायचं. मी म्हटलं, खिडकीत बघ की, दिसतंय! पण नाही... तिनं खिडकीतल्या कुंडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, पान न् पान कॉम्प्युटरात उभं केलं, त्यावर खोटं ऊन सोडलं, आणि खऱ्या कुंडीभोवती ऊन मोजणारे बटणाएवढे सहा मापक मांडले. मापकांना हात लावायचा नाही, अशी मला ताकीद. नाही लावला हो!

मी त्याच दिवशी देवापुढे नेम धरला. तिला यश येऊ दे, एकवीस दिवस या झाडाचं सगळं मी करीन. रोज देवापुढे हात जोडायचे, झाडाला पाणी घालायचं, आणि कुंडी पाव फेरा फिरवायची. एकाच अंगाला ऊन मिळालं तर झाड तिकडंच झुकतं, मागची पानं बिचारी उपाशी... सेवा करणं हा काय गुन्हा आहे?

पण हिशेब जुळेना. कॉम्प्युटर म्हणे इथे सावली, मापक म्हणे लख्ख ऊन! तिच्या सरांनी सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर विषय बदल. दोन वर्षं पाण्यात. पोरगी जेवेना. आणि गंमत बघा, दर चौथ्या दिवशी सगळं बरोब्बर जुळायचं. मला वाटे, आज प्रार्थना पोचली. मी आणखी मनापासून फिरवायची.

गुरुवारी ती खिडकीपाशीच बसली होती. मी कुंडीला हात घातला.

"आई, हे काय?"

"रोजचंच."

"रोजचंच?"

मग ती बोटांवर दिवस मोजू लागली, एक, दोन, तीन, चार... तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, दोन वर्षं मीच बुडवली, तीही देवाचं नाव घेऊन... पण तिनं कॉम्प्युटरातलं झाडही रोजच्या हिशेबानं पाव-पाव फिरवलं. जुळलं! सगळे दिवस जुळले! मग माझ्या गळ्यात पडून रडली.

शुक्रवारी सर म्हणाले, एका जागचं झाड कुणीही जुळवील, चारी बाजूंनी तपासायची ही कल्पना सुचली कशी? लेकीनं खरं सांगितलं. सर फार खूश. म्हणाले, आईंना सांग, शेजारच्या दोन कुंड्याही फिरवायला घ्या, चांगले सहा महिने.

नवस फेडायचा असतो एवढंच मला ठाऊक होतं, बाई... मुदत वाढवून मिळते हे आत्ता कळतंय.