डाव्या हाताचा चहा

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर, वसमतच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं मायलेकी उभ्या होत्या. पोरीच्या उजव्या हाताची बोटं लालभडक.

"उद्या पाहुणे बघायला येऊन राहिले, अन् हे काय करून आलीस?"

"प्रॅक्टिकल होतं, आई. सूर्यफुलाच्या देठाचा पातळ काप रंगवला."

"देठाला काहून रंग?"

"बिनरंगाचं सूक्ष्मदर्शकात काहीच नीट दिसत न्हाई."

"साबणानं निघंल?"

"उद्यापोत्तर तर न्हाई."

"मंग डाव्या हातालाबी लाव. एका हाताला म्हणजे डाग, दोन्ही हातांना म्हणजे मेंदी."

"त्या रंगाची, सॅफ्रॅनिनची, बाटली कॉलेजात हाय."

"चल माघारी. गाडी गेली तर जाऊ दे."

"आई, पाहुण्यांची हळदीची आडत हाय. रंग मारलेला माल त्यांना बराबर कळतो."

"तूच म्हणलीस ना, बिनरंगाचं दिसत न्हाई? तोंडालाबी पावडर लाव उद्या."

"लावते. पण हा लाल रंग देठात कोणाला चढतो, ठावं हाय का?"

"कोणाला?"

"मेलेल्या पेशींना. जित्या पेशी धरत न्हाईत."

आईनं पोरीचा डावा हात आपल्या हातात धरला.

"चल ना मंग आई, बाटली आणू."

"ऱ्हाऊ दे. डावा हात तसाच ऱ्हाऊ दे. उद्या पाहुण्यांना च्या त्याच हातानं दे."