कोकरानं खाल्लेलं नाताळाचं झाड

हसायचं न्हाई हां कुणी! मंठ्याला राह्यला आलो, तर गल्लीतली पोरं माझ्या नातीला, परीला, खेळायला घेईनात. म्हणून सुनेनं नाताळाला घरी गोष्टीच्या पुस्तकातला खेळ मांडला, पोरं बोलावली. गोष्टीत मेंढपाळ अन् कोकरू होतं.

म्हणलं, "कागदाचं कशाला? आपल्या कळपातलं आणते."

सुनेनं सुबाभळीची फांदी सजवून झाड केलं होतं. कोकरानं समद्यांदेखत तेच खाल्लं.

सून म्हणली, "आत्याबाई, तुमच्या कोकरानं नाताळ खाल्ला!"

परी रडायला लागली.

मी वरडले, "रडती काय? भुकेलंय ते. जल्दी पाला आणा!"

समदी पोरं पाल्याला पळाली.

दुसऱ्या दिवशी दारात हजर. "आजी, कोकरू?"

"कळपात सोडलं."

वाटलं, आता जातील माघारी.

एक पोरगी म्हणली, "मंग परीला तरी पाठवा."