मागे वजन पाहिजे

...नाही, तुम्हीसुद्धा तेच विचारणार, मला माहितीये! विचारा, विचारून टाका एकदाचं! सिग्नलला उभा राहिलो की शेजारच्या मोटारीची काच खाली होते, एक मुंडी बाहेर येते, "काका, ही पडत नाही ना?" नाही रे बाबा, तीन चाकं आहेत, पडत नाही! पुढचा सिग्नल, दुसरी मुंडी, तोच प्रश्न! वीट आलाय हो, अक्षरशः वीट!

मोटरसायकलच आहे, रिक्षा नाही. पुढे दोन चाकं, मागे एक. हौस म्हणून घेतली असं वाटतं ना लोकांना? हौस कसली डोंबलाची! तुम्हाला सांगतो, आधी माझी साधी दोन चाकांची होती, ती ओल्या रस्त्यावर आडवी झाली, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि हाताची झोळी सुटायच्या आत बायकोनं जाहीर केलं, "आता रोज दादाच्या गाडीतून जायचं ऑफिसला. त्याच्या वाटेवरच आहे."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. माणूस तसा चांगला... असेल! पण त्याच्या मोटारीत बसून बघा एकदा. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, ते मांड्यांना चिकटतं. चपला काढून मांडीवर घ्यायच्या. काचा बंद, कारण धूळ येते. एसी बंद, कारण सर्दी होते. आणि त्या बंद डब्यात, घामानं निथळत, घरापासून ऑफिसपर्यंत दादांच्या पोटाचं वर्तमान ऐकायचं! "आज म्हणावं तसं समाधान झालं नाही, भावोजी." शी शी शी! सकाळच्या पारी! पुढे रंग, पुढे तपशील... मी डबा उघडायचा कसा हो दुपारी?

म्हणून ही तीनचाकी. बायकोला म्हटलं, अगं, तीन चाकं आहेत, पडत नाही! तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाला पायानं ढोसलं, आणि म्हणाली, "अहो, ही नुसती घसरली जरी ना, तरी दुसऱ्या दिवसापासून दादाची गाडी."

सुरुवातीला काय थाट होता माझा! सिग्नलला पाय टेकायचा नाही, हाताची घडी घालून बसायचं राजासारखं! पण कुणी सांगितलं नाही हो, पुढची दोन चाकं नुसती मिरवतात, ओढायचं काम सगळं मागच्या एकट्याचं! पुढच्या टायरांवर कारखान्यातले रबराचे केससुद्धा शाबूत, आणि मागचा? गोटा! माझ्या टाळूसारखा! नवा घ्यायला गेलो तर टायरवाला टायर सोडून मलाच खालीवर बघतोय. "या मापाचा नसतो. मागवावा लागेल. कधी येईल सांगता येत नाही. पडत नाही ना पण ही?" अरे, तू टायर वीक ना!

आणि मग पाऊस. एक गंमत ऐका. रस्त्यावर मोटारींची चाकं जिथून जातात तिथला भाग घासून घासून स्वच्छ असतो. मधल्या पट्ट्यात काय? सगळ्या गावाच्या मोटारींचं गळलेलं तेल! माझी पुढची दोन चाकं जातात त्या स्वच्छ भागावरून, साहेबासारखी. आणि मागचं, ते एकुलतं एक, गोटा झालेलं, बरोब्बर त्या तेलातून! पाऊस पडला की ते तेल वर तरंगतं. म्हणजे जगातली सगळी घाण माझ्याच चाकाखाली... किळस येते हो, किळस!

तर त्या दिवशी सकाळी, भर पावसात, पुलाच्या चढावर सिग्नल लागला. हिरवा झाला. मी मूठ पिळली. मागचं चाक गरागरा फिरतंय आणि गाडी जागच्या जागी! आणखी पिळली, तर गाडीचं बूड हळूच डावीकडे निघालं. मूठ सोडली, बूड परत. एक आजीबाई काठी टेकत मला ओव्हरटेक करून गेल्या, जाताना थांबून म्हणाल्या, "पडायची नाही ना रे?" नाही हो आजी, तीन चाकं आहेत, पडत नाही! पण पुढेही जात नाही, त्याचं काय!

मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. त्यातला एक हॉर्न मला ओळखीचा वाटला. वळून बघतो तर दादांची मोटार, आणि शेजारच्या सीटवर, मांडीवर चपला घेऊन, कोण? आमची ही! सगळं बघितलं तिनं! संपलं, म्हटलं. उद्यापासून प्लॅस्टिक, घाम आणि वर्तमान.

दादा छत्री घेऊन उतरले. भला मोठा देह, सावकाश आले, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मागे वजन पाहिजे, भावोजी!" आणि बसले की हो मागे! टायर दबला, चाकानं रस्ता धरला, आणि गाडी सुतासारखी सरळ चढावर! मागून दादांची मोटार आली. चालवतंय कोण? ही! काच खाली करून, केस उडवत! वर पोचल्यावर म्हणाली, "छान झालं. पावसाचे दिवस आहेत तोवर दादा तुमच्या मागे बसेल. मोटार मी नेत जाईन." आणि गेलीसुद्धा! प्लॅस्टिक दुसऱ्याच दिवशी फाडलंन म्हणे.

आता रोज दादा मागे. आधी निदान खिडकीकडे तोंड करता यायचं, आता वर्तमान थेट कानात, हेल्मेटच्या फटीतून, वाफेसकट! "काल रात्री जरा गडबड झाली, भावोजी..." शी!

टायर आला हो शेवटी. बसवला. म्हटलं, सुटलो! तर तो टायरवाला म्हणतो, "नवा आहे, वरून गुळगुळीत असतो. जरा रुळेपर्यंत मागे वजन ठेवा." दादांनी ऐकलं. आणि दादांचं वजन पडल्यावर तो टायर रुळतोय कसला, थेट झिजायलाच लागला! म्हणजे बघा, दादा आहेत म्हणून टायर झिजतो, आणि टायर झिजतो म्हणून दादा आहेत.

परवा पुन्हा सिग्नलला एक काच खाली झाली. "काका, ही पडत नाही ना?" मी तोंड उघडायच्या आत कानाशी आवाज आला,

"पडेल कशी? मी आहे ना!"