वरची पट्टी

धुळ्याच्या बसस्थानकावर जळगावच्या गाडीची वाट बघत बाप-लेक माझ्या शेजारी बसले होते. लेक जळगावला संगीत विषय घेऊन बी.ए. करत होती.

“मृणाली, भीमजयंतीला यंदा तू गाशील ना? गल्लीतले बठ्ठे, लहान-मोठे सगळे, विचारतात.”

“गाईन बाबा, पण तुमच्या वरच्या पट्टीत नाही. मॅडम म्हणतात, ताणून गायलं की गळा कायमचा बसतो.”

“आमचं भीमगीतांचं पथक तर जन्मभर त्याच पट्टीत गायलं.”

“म्हणून तर तुमचा आवाज गेला, बाबा.”

गाडी लागली, तशी बापाने तिची बॅग उचलली.

“मग पट्टी तू सांग. मी पेटीवर बसतो.”

“आणि मागच्यांना ऐकू नाही आलं तर?”

“येतील की पुढे सरकून.”