घोड्याच्या दगडाला लावलेला शेंदूर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय अँब्रोज तुस्कानो, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते इसोगाई-सान, त्यांच्या शेजारी बसून माझं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगणाऱ्या मेधाताई, आणि शिफ्ट बदलून घेऊन उम्म अल हस्समच्या या हॉलमध्ये आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

इसोगाई-सान इथे आखातात, आपल्या हिद्दच्या वर्कशॉपमध्ये क्रेनचे फोरमन. ‘सान’ म्हणजे जपानीत ‘राव’, आपण सगळे त्यांना नुसतं सान म्हणतो. उद्या ते कायमचे जपानला चालले आहेत. मराठी मंडळाने जपानी माणसाचा निरोप समारंभ का करावा, असं काहींनी विचारलं. मी उलट विचारतो, ज्याच्या शब्दावर आपली माणसं लटकत्या लोखंडाखाली निर्धास्त उभी राहिली, तो परका कसा?

त्यांच्या गावाजवळ चांदीची जुनी खाण होती. शंभर वर्षांपूर्वी तिथून बंदरापर्यंत खडी दाबून एक गाडीरस्ता बांधला. चांदी घोडागाड्यांतून उतरायची आणि कोळसा, तांदूळ वर चढायचा. इसोगाई-सानांचे आजोबा त्या रस्त्यावरचे गाडीवान. ब्याऐंशी साली कंपनीने नवी क्रेन घेतली, तेव्हा ती शिकायला इसोगाई-सान आणि क्रेनला माल बांधणारा आपला रिगर दत्ताराम जपानला गेले. सुटीच्या दिवशी सानांनी त्याला तो रस्ता दाखवला. बंदरावरचं विटांचं गोदाम, कमानीचा दगडी पूल, घोड्यांच्या पाण्याची जागा. खाण बंद पडून वर्षं झाली होती. गावाने मात्र या जागा जपायच्या ठरवल्या होत्या.

पुलापलीकडे एक दगड होता, डोक्यावर घोड्याचं तोंड कोरलेला. गाडी ओढता ओढता आजोबांचा घोडा जिथे कोसळून मेला, तिथे त्यांनी तो बसवला होता.

मित्रहो, चांदीची नाणी कुणाच्या नावाने निघाली ते इतिहासात सापडतं. ती ओढणाऱ्या जनावराचं नाव कुठे सापडतं? अख्ख्या रस्त्यावर त्याच्यासाठी होता तो एवढाच दगड. आणि आपण तरी इथे काय करतो? दुसऱ्यांचा माल उचलतो आणि ठेवतो. जिदहफ्सच्या कामगारांच्या खोल्यांतून माणसं येतात, जातात. त्यांच्या नावाचा एक खडा तरी कुणी ठेवला आहे का? असो. मी भरकटतो आहे.

दत्तारामने विचारलं, ‘‘सान, ये कौन देव?’’

‘‘घोडा,’’ सान म्हणाले.

‘‘घोड्याचो देव! आणि तेका असोच सुको ठेवलास? अरे, काय माणसां तुमी!’’

नव्या क्रेनच्या पूजेसाठी त्याने तेलात कालवलेला शेंदूर नेला होता. कुणी काही म्हणायच्या आत त्याने दगडाला तो फासला आणि डोकं टेकलं. आपल्यापैकी कुणी दुसरं काय केलं असतं? सोबत आलेले सानांचे म्हातारे वडील आधी संतापले. मग त्यांनीही हात जोडले. त्या दगडापुढे कित्येक वर्षांत कुणी वाकलं नव्हतं. ‘‘राहू दे तो रंग,’’ ते मुलाला म्हणाले.

पुढल्या वर्षी शेजारचा रस्ता रुंद करायला ठेकेदार आला. हलवायच्या दगडांवर त्याने लाल रंगाची खूण करून घेतली होती. मजुरांना पुलापलीकडे आणखी एक लाल दगड दिसला. त्यांनी तो उचलला, फोडला आणि भरावात टाकला. वर डांबर पडलं.

सान रजेवरून परतले आणि वर्कशॉपमध्ये एवढंच म्हणाले, ‘‘दत्ता-सान, पत्थर खलास.’’

‘‘खलास? खंय गेलो?’’

‘‘रोड के नीचे. तुम्हारा लाल रंग.’’

त्या दिवसापासून या दोघांत क्रेनचे हातवारे सोडून दुसरं बोलणं झालेलं नाही. सानांचे वडील आता अंथरुणाला खिळले आहेत, म्हणून करार अर्धा टाकून सान निघाले आहेत.

काल दत्ताराम माझ्या खोलीवर आला. ‘‘दाजीनू, तुमी उद्या बोलतालात. माझ्या हातून चुकला, तेवढा तेंका सांगा.’’

मी म्हटलं, ‘‘तूच सॉरी म्हण की. त्याला इंग्रजी कशाला हवं?’’

‘‘सॉरी पाय लागलो तरी म्हणतत. ह्या तेवढ्यान भागाचा नाय.’’

भाषणांवर आयुष्य काढलेला माणूस मी, म्हणून ते काम पत्करलं.

अध्यक्षमहाराज, बोलणं संपवताना वक्ता म्हणतो की काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. ऐकणारे टाळ्या वाजवतात, कारण कुणाचं काही गेलेलं नसतं. आज गेलेलं आहे. दत्ताराम, उभा राहा. मेधाताई, आता सावकाश सांगा. इसोगाई-सान, या माणसाने तुमच्या घोड्याला देव मानलं, आणि त्यामुळेच तुमचा दगड गेला. तो तुमची क्षमा मागतो आहे.

आपण थांबू. त्यांना बोलू द्या.

मेधाताई सांगताहेत... ते म्हणतात, ‘‘दगड माझ्या वडिलांचा होता. क्षमा मला करता येणार नाही. घरी पोचेपर्यंत ते असले, तर त्यांना विचारीन.’’

दत्ताराम, ऐकलंस ना? आज एवढंच आहे. बस खाली.

टाळ्या नकोत, मंडळी. अध्यक्षांनी बोलू दिलं आणि आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल आभारी आहे. माझ्या बोलण्यात जे चुकलं असेल, ते माझ्याच पदरात राहू द्या.